शेरगाझीची टोपी

असानगुलने दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि घोड्यावर बसलेल्या बुरमाकानच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, उंच, काळ्या काठाची.

"जपून, बाई. उमेदवार पाडू नका," म्हातारा म्हणाला.

खरा उमेदवार, शेरगाझी, तालुक्याच्या कोठडीत होता. परवानगीवाचून सभा घेतली म्हणून पंधरा दिवस. सुटका सोमवारी, मतदान आदल्या रविवारी. तोवर त्याच्या वतीने ही दोघं टोपी घेऊन कुरणाकुरणांतून हिंडत होती.

गुडघाभर फुलांतून घोडे पोहल्यासारखे चालले. ढग इतके खाली उतरले होते, की तंबू कुठला न् ढग कुठला कळेना. शाळेत मुलांना गाणी शिकवणाऱ्या बुरमाकानला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत. खाली नदी गात होती. ते गाणं मात्र तिला ऐकवत नसे. गेल्या वसंतात तिची बहीण बाळंतकळा सोसत पलीकडच्या काठावर अडकली, ती अलीकडे आलीच नाही. शेरगाझी निवडून आला तर पूल बांधणार होता. हट्टी माणूस. बोलला म्हणजे बांधणारच.

तोकोन आपाच्या तंबूत टोपी दारासमोरच्या मानाच्या जागी बसली. आपाने तिच्यापुढे कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा भरून ठेवला.

"महिन्यामागे हा स्वतः आला होता," आपा म्हणाली. "घोडी कशी पिळायची ते मलाच शिकवत बसला! वाडग्यात माश्या पडल्या, तरी याचं तोंड मिटेना."

"उत्साही आहे तो," बुरमाकान म्हणाली.

"आता बघ, कसा गुणी लेकरासारखा बसलाय."

आपा टोपीजवळ सरकली. लंगड्या घोडीचं सांगितलं, परदेशी गेलेल्या मुलाचा फोन येत नाही ते सांगितलं. नमद्यावरून हळूच हात फिरवला, डोळे पुसले.

"आमच्या पाचही तंबूंची मतं याला," ती म्हणाली आणि सुटकेच्या अर्जावर अंगठा उठवला. "किती दुबळा झाला असेल गं तिथे!"

तंबूमागून तंबू असंच झालं. गुरुवारी दोघं तीनशे बारा अंगठे घेऊन तालुक्याला उतरली. असानगुल घोडे धरून बाहेर थांबला. बुरमाकान आत गेली.

ठाण्याचा नुरदिन तिचाच जुना विद्यार्थी. तो उठून उभा राहिला, अर्ज साहेबांकडे घेऊन गेला आणि हसत परत आला.

"बाई, पेढे काढा! तुमच्या अर्जांपुढे साहेब नमले. इथे सही करा आणि आजच घेऊन जा त्यांना."

आतून शेरगाझीचा आवाज येत होता. चहात दूध आधी घालावं की नंतर, हे तो पहारेकऱ्याला समजावत होता.

"अकरा दिवस असंच चाललंय," नुरदिन हसला. "चाळीस पानी भाषण लिहून ठेवलंय. म्हणतात, रविवारच्या आत प्रत्येक तंबूत जाऊन वाचणार."

बुरमाकानने लेखणी उचलली. खिडकीतून दूर डोंगर दिसत होते, आणि त्यांच्या पायथ्याशी नदी, चांदीच्या दोऱ्यासारखी. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

मग तिने लेखणी खाली ठेवली आणि कोठडीकडचं दार हळूच ओढून घेतलं.

"नुरदिन, बाळा," ती म्हणाली, "सोमवारपर्यंत ठेवून घे ना रे त्याला."