न वाजलेली गोटी

इंग्रज जाताना मतदानाची रीत आमच्या गांबियाला देऊन गेले: उमेदवारागणिक एक पिंप, त्यात गोटी टाकायची, आतली घंटा वाजली की मत पडलं. यंदा विरोधकाच्या पिंपातली घंटा नाहीशी झाली. चौकशी कुणी केली नाही. चौकशी करणाऱ्यांनीच ती काढली होती. आता मत कुणाला पडलं, हे बाहेरूनच कळत होतं. सान्ना मास्तर आत गेला, आवाज आला नाही, शिपायांनी त्याला ट्रकमध्ये बसवलं. पुढचा नंबर त्याच्या बापाचा. "म्हातारबा," हवालदार गोड हसला, "घंटा वाजली की पोराला सोडतो." "तुझे कान शाबूत आहेत ना?" म्हणत म्हातारा पडद्याआड गेला. रांगेने कान टवकारले. आवाज आला तो बाहेर चरणाऱ्या शेळ्यांचा. म्हातारा बाहेर आला, कुणी धरायच्या आत स्वतःच ट्रकमध्ये चढला. पोराला म्हणाला, "आत सरक. तुझी आई रांगेत आहे."