मरेपर्यंत जेवण

"हा मठ आहे की गोदाम?" प्रीतमने विचारलं.

"दोन्ही," तेजस्वी म्हणाली.

कुवेतच्या अल-राई भागात, झहूरभाईंच्या फर्निचरच्या कारखान्यात, मोठ्या टेबलावर लाकडी मॉडेल उभं होतं. मधोमध चर्च, एका बाजूला भटारखाना, मागे धान्याची कोठारं, भोवती भिंत. पुंडलिककाका घंटेच्या मनोऱ्यावर पॉलिश पेपर मारत होते. प्रीतमची बायको तेजस्वी शाळेत इतिहास शिकवायची. मध्ययुगीन युरोपच्या धड्यासाठी तिने चुलतसासऱ्यांकडून हे करून घेतलं होतं.

प्रीतम मॉडेलसाठी आला नव्हता. त्याच्या फोल्डरमध्ये करारनामा होता.

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत तो प्रोसेस इंजिनिअर. ज्याला मोजता येत नाही त्याची त्याला कीव यायची. काकांनी तर आयुष्यभर इंच न् सूत मोजलं, तरी अडाणीच राहिले, असं त्याचं मत. तीस वर्षं कुवेतमध्ये काढून मिळवलं काय? भुशाचा खोकला, सहाजणांच्या खोलीत एक खाट, आणि गावाकडची काजूची दोन एकर जमीन. पुढच्या महिन्यात व्हिसा संपत होता. काकांना जायला घर नव्हतं.

त्या दोन एकरांसमोरून मोठा रस्ता जाणार होता. प्रीतमने जमीन नीट पारखली होती. उपग्रहाच्या नकाशावरून क्षेत्रफळ काढलं, उतार काढला. सुट्टीत गेला तेव्हा माती आणून तिचा सामू, म्हणजे पीएचही तपासला. सौद्याची कल्पना मात्र तेजस्वीच्या नोट्समधून उचललेली.

"भाभी, हे मठातले लोक तर फकीर ना?" झहूरभाईंनी चहाचे पेले ठेवत विचारलं. "मग एवढी कोठारं कशाला?"

"कसले फकीर, झहूरभाई! मुलखातले मोठे जमीनदार. राजाच्या दरबारात मठाधिपती सरदारांच्या रांगेत बसायचा. लोक पुण्यासाठी जमिनी द्यायचे. काही म्हातारे तर सगळी जमीन मठाला लिहून द्यायचे आणि बदल्यात मरेपर्यंत पाव, बीअर आणि निजायला जागा घ्यायचे."

"आणि भिंतीभायरची ही घरां?" काकांनी बोटाने दाखवली.

"कसणाऱ्यांची. जमीन मठाची, घाम यांचा."

"म्हातारा लवकर गेला की मठ फायद्यात," प्रीतम हसला. "काय एकेक गाढवं होती!"

"आणि नाय गेलो तर?" काकांनी विचारलं.

"तर मठाधिपतीने कपाळ बडवायचं. पण असला माणूस खोकला ऐकूनच सौदा करतो, काका."

काका तेव्हाच खोकले. प्रीतमने घड्याळ पाहिलं.

"मठाधिपती शोभतोस," तेजस्वी त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्याने करारनामा उघडला. "सोप्या भाषेत सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. गावच्या जमिनीतला तुमचा सगळा हक्क माझा. बदल्यात माझ्या बदलापूरच्या फ्लॅटमधली एक खोली, दोन वेळचं जेवण, औषधपाणी. तुम्ही असेपर्यंत."

"प्रीतम, त्या जमनीचा एक सांगूचा होता."

"मला माहिती आहे."

"सातबारो हाडलंय मी." काकांचा हात खिशाकडे गेला. "एकदा बघून घी."

"राहू दे. तलाठ्याचा कागद बघून जमीन कळत नाही. मी मातीच तपासली आहे."

"बघ की रे," तेजस्वी म्हणाली. "एक पान तर आहे."

"तू तुझे मठ बघ." तो काकांकडे वळला. "आपलंच घर शंभर वर्षं ती कसतंय. आणखी कसला पुरावा हवा?"

झहूरभाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

"पण काजूच्या पैशातना आधी देवळातल्या दिव्याक तेल जाता," काका म्हणाले. "ता बंद करूक येवचा नाय."

"पहिलं तेच बंद करणार. देवाला तेल पाजायला मी रिफायनरी उघडलेली नाही." स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला. "आणि हे शेवटचं कलम नीट ऐका. जमिनीबद्दल पुढे काहीही निघालं, तरी हा करार मोडता येणार नाही. उद्या द्वारकाआत्या वाटा मागत आली, तुम्हाला तिचा पुळका आला, तर माझी पंचाईत नको."

"कोणाकच मोडूक येवचो नाय?"

"कोणालाच नाही."

"तुका पण?"

"मलाही नाही, काका." लहान मुलाला सांगावं तसं तो म्हणाला. "कायदा दोघांना सारखाच असतो."

काकांनी खिशावरचा हात काढला. प्रीतमने घाईने सही केली आणि पेन पुढे केलं. काकांनी आधी हात धुतले, पुसले, मग एकेक अक्षर कोरून सही केली. साक्षीदार म्हणून झहूरभाईंनी आणि तेजस्वीने.

"पुंडलिक, सुटलास रे बाबा!" झहूरभाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता तुला खिडकीची खोली."

"खिडकी करारात नाही," प्रीतम म्हणाला आणि फोल्डर बंद केलं.

काकांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि मठाच्या भिंतीला टेकवून उभा केला. "आता तरी बघ."

तेजस्वीने तो उचलला. वाचता वाचता तिने हसू दाबलं. तिने बोट ठेवून कागद नवऱ्यापुढे धरला. मालकाच्या रकान्यात होतं : श्री देव रवळनाथ. त्याखाली, बारीक अक्षरात, वहिवाटदार, म्हणजे नुसता कसणारा, म्हणून काकांचं नाव.

"हे... देवाचं नाव इथे कसं?" प्रीतमने विचारलं.

काकांनी मनोऱ्यावरचा भुसा फुंकला.

"आपल्या पणज्यान जमीन कधीच देवाक दिल्यान," ते म्हणाले. "देवळान त्येका मरासर जेवूक घालूचा, ह्या अटीर."