दुरोसिन्मी
एक्क्याण्णवचा जून. ग्लासगोच्या हॉस्पिटलात मी एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या मृत्यूचा दाखला लिहीत होतो. लेगॉसहून आलेले त्याचे वडील समोर बसले होते.

“आडनाव दुरोसिन्मी. म्हणजे ‘थांब, मला मूठमाती दे’,” ते म्हणाले. “आजोबांची मुलं जगत नव्हती. म्हणून माझ्या वडिलांचं हे नाव ठेवलं.”

“आमच्याकडे अशा मुलाला धोंडू म्हणतात, म्हणजे दगड. मरणानं ढुंकूनही बघू नये म्हणून. माझे वडील धोंडूच.”

“मग जगले?”

“ब्याऐंशी वर्षं. मार्चमध्ये गेले.”

त्यांनी डोळे पुसले. “भाग्यवान माणूस. मुलाच्या हातची माती मिळाली.”

मी खाली मान घालून पुढचा रकाना भरू लागलो. मार्चमध्येही मी याच टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या वडिलांचे दाखले लिहीत होतो.