पेढा की जिलबी

डॉक्टर कायद्याला भिऊन पोटात मुलगा की मुलगी हे तोंडानं कधीच सांगत नसत. मुलगा असला की नर्स मार्थानं बाहेर पेढा द्यायचा, मुलगी असली की जिलबी. "सिस्टर, जिलबी," सोनोग्राफीचं मशीन पुसत डॉक्टर म्हणाले. टेबलावर निजलेली, सासूनं तपासायला आणलेली सून पांढरीफटक पडली. मार्थाला रविवारी चर्चमध्ये पाळकांनी शिकवलेलं ग्रीक क्रियापद आठवलं. कातासोफिझोमाई: डाव टाकून मात करणे, दिसायला रूप सोसणाऱ्याचं, काम मात्र करणाऱ्याचं. बाहेर धाड गावचा बाजार करून आलेल्या बायांनी बाकं भरली होती. "काय हाय व सिस्टर?" सासूनं विचारलं. मार्थानं तिच्या तळहातावर पेढा ठेवला. तेवढ्यात दारात आलेले डॉक्टर पेढा पाहून थिजले. "लय उपकार झाले, सायेब!" सासू पाया पडली. सगळ्या बाया बघू लागल्या. मार्थानं पेढ्यांचा खोका डॉक्टरांपुढे केला. "घ्या ना सर, तोंड गोड करा."