नावांच्या सूचीत

हॉल्वरने पुस्तक उपडं केलं आणि सरळ शेवटची पानं उघडली. प्रकाशनासाठी पुस्तकांच्या दुकानात जमलेल्या तेरा प्राध्यापकांनीही तेच केलं होतं. पुस्तक पुढून उघडतात ती साधी माणसं. राज्यशास्त्रातली माणसं ते मागून उघडतात. मागे नावांची सूची असते. तिच्यात आधी स्वतःचं नाव शोधायचं, ते किती पानांवर आलंय ते बघायचं आणि मगच पुस्तक चांगलं की टाकाऊ ते ठरवायचं. नॉर्वेत, ट्रोम्सोमध्ये काय, ऑस्लोमध्ये काय, रीत एकच.

"अकरा पानं!" प्राध्यापक ट्रिग्वे वाफल चावत ओरडला. "वर दोन तळटिपा! हुशार आहे हो ही मुलगी! हॉल्वर, तू किती पानांवर आहेस?"

"चष्मा पुसतोय," हॉल्वर म्हणाला. चष्मा स्वच्छ होता. सूचीत 'नाटो' होतं आणि त्याच्या खाली लगेच 'नॉर्डिक परिषद'. या दोघांच्या मध्ये 'नेसहाइम, हॉल्वर' असायला हवं होतं. तिथे काही नव्हतं. त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं.

पुस्तक होतं सिग्नेचं, 'टेबलाच्या टोकाला बसलेले देश'. मोठ्यांच्या वाटाघाटीत लहान देशाने काय करावं, हा हॉल्वरच्या जन्मभराचा विषय. लहानाने गप्प बसावं, शेवटी आपले मासे पदरात पाडून घ्यावेत, हा त्याचा सिद्धान्त. तो चुकीचा आहे असं सिग्नेने लिहिलं असतं तरी त्याला चाललं असतं. चारचौघांत सालटी काढली असती तरी तो खूश होऊन घरी गेला असता. पण नावच नाही? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला चूक ठरवा हो, पण असा पुसून तरी टाकू नका!

आणि पुसलं कुणी, तर सिग्नेने. त्याची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. बारा वर्षांपूर्वी तिने प्रबंधाचा कच्चा खर्डा आणून दिला होता, तेव्हा त्याने तो तिच्यापुढे आपटला होता. "दर पानावर हॉल्वर असं म्हणतो, हॉल्वर तसं म्हणतो! तुला स्वतःचं काही म्हणायचंय की नाही? माझं नाव न घेता दहा पानं लिहून आण, मग तपासायला घेतो." सिग्ने कागद गोळा करून गेली ती थेट जिनिव्हाला. नंतर ना पत्र ना फोन. आपली जीभ जरा जास्तच चालली, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण फोन करणं जिवावर आलं, आणि बघता बघता बारा वर्षं निघून गेली. परवा प्रकाशन समारंभाचं छापील निमंत्रण आलं, तेव्हा तो शर्टाला इस्त्री करताना चक्क गुणगुणला होता.

आता सिग्ने समोर व्यासपीठाजवळ उभी होती. लोक तिचं अभिनंदन करत होते, पण तिची नजर हॉल्वरच्या हातांवर होती. सूड उगवून वर मजा बघतेय, त्याला वाटलं. त्याने कोट उचलला.

"निघू या, बोर्गहिल."

त्याची बायको दुसऱ्या रांगेत मोजा विणत बसली होती. तिने चाळीस वर्षं टपाल कचेरीत काढली होती आणि आयुष्यात एकही सूची वाचली नव्हती. "अजून भाषण व्हायचंय, वाफल खायचेत, आणि तू निघालास कुठे?"

"माझं नाव नाही त्यात."

"कशात?"

"पुस्तकात! एकदाही नाही! चारशे बारा पानं, आणि मी मेलोय त्यात!"

"आण इकडे." बोर्गहिलने सुया मांडीवर ठेवल्या, पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि साध्या माणसासारखं पुढून उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिसऱ्यावर थांबली. मग ती इतकी हसायला लागली की लोकरीचा गुंडा खुर्चीखालून घरंगळत ट्रिग्वेच्या पायाशी गेला.

"अरे वेड्या," ती डोळे पुसत म्हणाली, "पुस्तक इकडून उघडतात!"

अर्पणपत्रिकेचं पान होतं. असल्या पुस्तकांत ते पान लेखकाच्या आईखेरीज कुणी वाचत नाही. हॉल्वरने खरंच चष्मा पुसला आणि वाचलं.

'हॉल्वर नेसहाइम यांना. तुम्ही दहा पानं मागितली होती. ही चारशे बारा घ्या, तुमचं नाव एकदाही न घेता लिहिलेली. आता तपासायला घ्याल ना?'

त्याने ते पुन्हा वाचलं. मान वर केली, तर सिग्ने अजून त्याच्याकडेच बघत होती. ओठ घट्ट मिटून, बारा वर्षांपूर्वी खर्डा हातात घेऊन दारात उभी राहायची तशी. हॉल्वरने वरच्या खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि तिला दिसेल अशी उंच धरली. सिग्ने माणसांतून वाट काढत, अक्षरशः धावत त्याच्याकडे निघाली.

लोकरीचा गुंडा हातात घेऊन ट्रिग्वे मध्येच आला. "हां, सापडलं वाटतं! बोल, किती पानांवर आहेस?"

"एकावरही नाही!" हॉल्वर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आनंदाने ओरडला. "एकावरही नाही, ट्रिग्वे! एकावरही नाही!"