ओळीनंतरची हाळी

पहिली कुऱ्हाड टेकूवर पडली आणि आल्बन मास्तरांना ते पत्र आठवलं. त्याला त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र बार्बाडोसहून आलं होतं, काही वर्षांपूर्वी. मार्वा प्रेस्कॉड नावाची विद्यापीठातली मुलगी मास्तरांच्या कारिआकू बेटावरच्या, नवी बोट पाण्यात उतरवायच्या गाण्याचा इतिहास लिहीत होती. गाणं फ्रेंचांच्या जहाजांवरून आलं की त्याआधी साखळदंडांतल्या गुलामांबरोबर, इथपर्यंत ती पोचली होती. एकाच ठिकाणी अडली होती. ‘जुन्या ध्वनिफितीत दर ओळीनंतर येलालो अशी हाळी ऐकू येते. तुमच्या शाळेच्या पुस्तिकेत ती नाही. तिचा अर्थ काय? आणि आपण ती का गाळलीत?’

मास्तरांनी घरातले सगळे शब्दकोश पाहिले. गाणं उतरवून शाळेची पुस्तिका केली तेव्हाही अर्थ सापडला नव्हता, म्हणून तर गाळली होती. पण ‘मला माहीत नाही’ असं शाळामास्तरानं लिहायचं कसं? पत्र पुस्तकांच्या मागे गेलं.

आता समोर वाळूवर नवी शिडाची बोट टेकूंवर उभी होती. एका बाजूचे टेकू थोडे थोडे तोडत तिला कुशीवर निजवायची आणि मग ओंडक्यांवरून पाण्यात ओढायची. कुऱ्हाडवाले तिच्या पोटाखाली वाकले होते. त्यांत ओरिन होता, मास्तरांचं उरलेलं एकमेव माणूस. बहीण गेल्यावर भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. पलीकडे अर्धं गाव दोरखंडाला लटकलं होतं, बोट एकदम कोसळू नये म्हणून. बेटावर लाकडी बोट बांधून एक पिढी लोटली होती. मागची बोट उतरवणारी माणसं टेकडीवर क्रुसांखाली होती. सुतार झेफ तेवढा उरला होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

गाणं डेल्टन सांगत होता. मास्तरांचाच विद्यार्थी. पुस्तिका तोंडपाठ.

“सोड गं पोरी किनारा!”

“धर गं पोरी वारा!” गाव म्हणे. कुऱ्हाडी पडत. ओळ संपली की दोरवाले हातभर दोर सोडत. लगेच पुढची ओळ.

“मास्तर, तुमचं गाणं!” शेजारून युलाली म्हणाली. एरवी ती टपाल कचेरी सांभाळायची. आज ती बोटीच्या बारशाची धर्ममाता होती आणि बोटीच्या नावाचा झेंडा गुंडाळून छातीशी धरून उभी होती. “बाळंतीण आत आणि घाम बाहेरच्याला, तसं झालंय तुमचं!”

“माझं कसलं? मी नुसतं उतरवून घेतलं.”

“ओसरीवर बसून. तळव्याला वाळू लागू न देता.”

मास्तर ओशाळून हसले. पण ऐकायला बरं वाटत होतं. किती नितळ चाललं होतं! मध्ये कुठं खाच नाही, खळगा नाही.

मग त्यांना कसंतरीच होऊ लागलं. कशामुळे ते कळेना. बोट करकरली. दोर पुन्हा सुटला. ओरिनची पाठ बोटीखाली होती, आणि ती तिथेच होती. अजून तिथेच.

हा बाहेर का येत नाही?

आणि त्यानं बाहेर का यावं, असं आपल्याला का वाटतंय?

त्यांना आईचा हात आठवला. याच वाळूवर, डोळ्यांवर धरलेला. बाबा बोटीखाली असायचा आणि लहानग्या आल्बनला बघवायचं नाही. मग येलालोऽऽ अशी लांबलचक हाळी यायची आणि आई हात काढायची. बिळातून खेकडे निघावेत तशी माणसं बोटीखालून बाहेर आलेली असायची. त्यांत बाबा असायचा, हसणारा. मग दोर सुटायचा. बोट जराशी कलायची. मग पुन्हा ओळ, पुन्हा हात.

आता हाळी नव्हती. दोर सुटत होता आणि माणसं आतच होती. मास्तरांनी स्वतःच ती पळवाट खोडून टाकली होती, लाल शाईनं, नीटनेटकी.

“थांबा,” ते म्हणाले. युलालीलासुद्धा ऐकू गेलं नाही. चर्चमध्येही ते फक्त ओठ हलवायचे. वर्गात मागच्या बाकांना त्यांचा आवाज कधी पोचला नव्हता.

“सोड गं पोरी किनारा!”

कुऱ्हाडी वर गेल्या. एक टेकू तडकला. छातीत कोंबडं फडफडावं तसं झालं. आता ओळ संपेल. संपली की दोर सुटेल.

“येलालोऽऽऽ!”

आवाज फाटका होता, चिरका होता. पण दर्यापर्यंत गेला. डेल्टनचं तोंड उघडंच राहिलं. दोरावरचे हात गच्च झाले. आणि कुऱ्हाडवाले एकामागोमाग वाकून बाहेर आले. हाळीचा अर्थ त्यांना ठाऊक होता म्हणून नव्हे. कोण ओरडलं ते बघायला आले होते.

“मामा?” ओरिन घाम पुसत म्हणाला. “तू ओरडलास?”

त्याच्या मागे उरलेले टेकू एकदम मोडले. दोरवाले फरफटत पुढे आले, आणि जिथं ओरिनची पाठ होती तिथं बोट वाळूत बसली.

युलालीनं हाळी उचलली, तिच्या मागून इतर म्हाताऱ्या बायकांनी. संध्याकाळी बोट पाण्यात गेली, दर ओळीनंतर थांबत थांबत.

सकाळी मास्तर टपाल कचेरीत आले. युलालीनं कार्ड हातात घेतलं आणि नेहमीसारखं आधी वाचून काढलं.

“इतकी वर्षं लावलीत, आणि एवढंच?” ती म्हणाली, आणि कार्ड पुन्हा एकदा वाचलं. शिक्का मारला आणि कार्ड बार्बाडोसच्या थैलीत सोडलं.

‘प्रिय मिस प्रेस्कॉड, येलालोला काही अर्थ नाही. ती म्हणून होईपर्यंत माणसं बोटीखालून बाहेर येतात.’