माशी बसेना

घोडागाडीवाल्याची घोडी माश्यांनी बेजार झाली होती. त्याने लसणाचं पाणी चोळून पाहिलं, तर माश्या जागच्या हलल्या नाहीत, गिऱ्हाईकं मात्र पळाली. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने खळीत खडूची पूड कालवली आणि तांबड्या घोडीच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत पांढरे पट्टे ओढले.

अख्खी गल्ली खो खो हसली. बायकोने तर कपाळावर हात मारून घेतला.

"हसा लेको," तो म्हणाला, "पण एक तरी माशी बसलेली दाखवा."

आणि खरंच, घोडीवर माशी बसेना.

त्या आनंदात तो दुपारी चार घास जास्तच जेवला आणि अंगणातल्या बाकड्यावर उघडाच पालथा पडला. बायकोच्या हातात पुठ्ठा देऊन म्हणाला, "वारा घालत बस. माझ्या अंगावर एकही माशी बसता कामा नये." पुढच्या क्षणी तो घोरायला लागला. मोरीत भांड्यांचा ढीग तसाच पडला होता.

उन्हं कलल्यावर तो उठला आणि तसाच उघड्या अंगाने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला. समोर असताना सगळे गप्प, पाठ वळली की खसखस पिकायची. घरी येऊन तो करवादला, "घोडी तर इथे बांधलेली आहे, मग हे लोक हसतायत कुणाला?"

बायकोने घासलेलं शेवटचं भांडं पालथं घातलं, नखांत अडकलेली खळ खरवडली आणि शांतपणे विचारलं,



"पण बसली का एक तरी माशी?"